दार उघडं ठेवा : दादाच्या मानसिक आघातानंतरचं दीड वर्ष

माझा मोठा भाऊ ३४ वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे आणि मध्यम स्वरूपाचं बौद्धिक दिव्यांगत्व आहे. २०२३ च्या पावसाळ्यात आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याला काही महिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका निवासी संस्थेत ठेवावं लागलं. दिवाळीला तो घरी आला तो पार बदलून. तेव्हापासून दवाखाने, मानसोपचार, पोलीस ठाणं, कलेक्टर ऑफिस असं सगळं करत आता कुठे घर जरा स्थिरावलंय. त्या काळात मी रात्री उशिरापर्यंत मराठीत काही वाचायला मिळतं का ते शोधायचे. लहान विशेष मुलांच्या संगोपनावर सापडायचं, ट्रॉमावरही सापडायचं. पण मोठ्या वयाच्या बौद्धिक दिव्यांग माणसाला आघात झाला तर घरच्यांनी काय करायचं, कुठे जायचं, हे एका जागी कुठेच मिळालं नाही. म्हणून घडलं त्या क्रमाने लिहितेय. प्रकरण अजून चालू आहे, त्यामुळे संस्थेचं, दवाखान्यांचं नाव लिहिणार नाही.

आधीचा दादा सकाळी स्वतः आंघोळ करायचा, कोपऱ्यावरच्या दुकानातून दुधाच्या पिशव्या आणायचा, जेवायच्या वेळी ताटं मांडायचा. वाक्यं छोटी, पण दिवसभर बडबड. घरी परतला तो चांगलाच वाळलेला. बोलणं जवळजवळ थांबलेलं. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. न्हाणीघराच्या दारापर्यंत यायचा, दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरायचा आणि ओरडायचा. कुणी आत न्यायला गेलं की स्वतःच्याच गालावर मारून घ्यायचा. मांजर आत येऊ नये म्हणून आई रात्री मागच्या दाराला कडी घालते. त्या कडीचा आवाज झाला की हा पलंगाखाली. संस्थेत फोन केला तर उत्तर आलं, "इथे तर व्यवस्थित होता, घरी लाड होतात म्हणून करत असेल."

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत सांगितलं की डाऊन सिंड्रोममध्ये वय वाढलं की मुलं अशी मागे जातात. हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल, म्हणून इथे थोडं थांबते. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा लवकर होऊ शकतो हे खरं आहे. पण महिन्या-दोन महिन्यांत एवढा बदल झाला असेल तर आधी बाकीची कारणं तपासायची असतात. डिसेंबर-जानेवारीत आम्ही थायरॉइड, बी-१२, साखर, लघवी, कान आणि दात एवढं तपासून घेतलं. सगळं मिळून साधारण साडेतीन हजार लागले. थायरॉइड कमी निघालं, जे डाऊनमध्ये बऱ्याच जणांचं असतं, आणि एक दाढ पूर्ण किडलेली निघाली. गोळी सुरू झाली, दाढ काढली. महिन्याभरात तो जरा तरतरीत दिसू लागला, जेवायलाही लागला. न्हाणीघराची भीती मात्र तशीच राहिली.

फेब्रुवारीत एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. रांगेत दोन तास, आत पाच-सात मिनिटं. निवासी संस्थेबद्दल मी सांगायला लागले, तर म्हणाले, "बिहेवियर प्रॉब्लेम आहे, यांच्यात असतोच." रिस्पेरिडोन, म्हणजे तीव्र मानसिक आजारांत देतात ते औषध, लिहून दिलं. दादा शांत झाला, म्हणजे दिवसभर झोपून राहिला. नंतर मी वाचलं की २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. बौद्धिक दिव्यांग आणि आक्रमक वागणाऱ्या ८६ जणांपैकी काहींना रिस्पेरिडोन, काहींना त्याच प्रकारचं हॅलोपेरिडॉल आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली. आक्रमकता तिन्ही गटांत कमी झाली, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांची सगळ्यांत जास्त. म्हणून गोळ्या वाईटच, असं मी म्हणत नाही; काहींना त्यांची खरोखर गरज असते. आणि सुरू असलेली गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही. आमची पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली.

मार्च २०२४ मध्ये पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमचं नाव एका पालकांकडून कळलं. जाण्याआधी एक गोष्ट जरूर पाहा: क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक सरळ विचारायचा, त्यात काही गैर नाही. फी एका वेळची १,२००. दर पंधरा दिवसांनी साताऱ्याहून एस.टी.ने जायचो. दादाला दिव्यांग सवलत, मला महिला सन्मानचं अर्धं तिकीट.

पहिल्या दिवशी मॅडमनी दादाला आत बोलावलंच नाही. त्याच बाहेर बाकावर येऊन बसल्या, त्याच्यापासून हातभर लांब. आपलं नाव सांगितलं, समोरचं घड्याळ दाखवून काटा कुठे येईपर्यंत बसायचंय ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "माझ्या खोलीचं दार उघडंच असतं. तुम्हाला वाटेल तेव्हा बाहेर यायचं." दादाला अहो-जाहो करणारी माणसं फार कमी भेटतात. तो उठला आणि आपण होऊन आत डोकावून आला.

आईला आणि मला त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. आपल्याला भीतीचा प्रसंग आठवला तर आपण तो कुणाला तरी सांगतो. ज्याच्याकडे तेवढे शब्द नाहीत, त्याची भीती अंगातून बाहेर पडते: ओल्या अंथरुणातून, मारून घेण्यातून, चौकट धरण्यातून. बघणारा त्याला हट्ट म्हणतो किंवा 'यांच्यात असतंच' म्हणून सोडून देतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हे दाखवून दिलं होतं. रुग्णाची लक्षणं तीच, पण तो बौद्धिक दिव्यांग आहे असं सांगितलं की तज्ज्ञसुद्धा त्या लक्षणांकडे मानसिक त्रास म्हणून कमी बघतात. दिव्यांगत्वाची सावली बाकी सगळ्यावर पडते. आईला वाटत होतं की हे आपल्याच नशिबी का. तेव्हा मॅडमनी २०१२ च्या एका मोठ्या आढाव्यातला आकडा सांगितला: दिव्यांग मुलांवर हिंसा होण्याची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट असते. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "बाकीच्यांचं कोण बघतं?"

मॅडमचा पहिला नियम आम्हाला सगळ्यांत कठीण गेला. दादाला 'तिथे काय झालं' हे विचारायचं नाही. बौद्धिक दिव्यांग व्यक्ती समोरच्याला खूश ठेवायला पटकन 'हो' म्हणतात. 'मारलं का?' हो. 'नाही ना मारलं?' हो. पुन्हा पुन्हा विचारलं की त्याला त्रास होतो, आणि पुढे तक्रार करायची तर त्याच्या बोलण्याला किंमत उरत नाही. त्याऐवजी एक वही करायची. तो आपण होऊन जे बोलेल, करेल, ते तारीख-वेळेसकट, त्याच्याच शब्दांत लिहायचं. त्याआधी काय चाललं होतं तेही लिहायचं. शंभर पानी साधी वही पुरली. पुढे प्रत्येक कार्यालयात ती कामी आली, त्यामुळे आजच सुरू करा असं मी कुणालाही सांगेन.

दुसरा नियम असा की घरात काहीही अचानक करायचं नाही. भिंतीवर दिवसाचं चित्रांचं वेळापत्रक लावलं: चहा, फिरणं, जेवण, टीव्ही, झोप. त्याला हात लावायच्या आधी सांगायचं. आणि त्याने तळहात उभा केला की समोरच्याने जिथल्या तिथे थांबायचं, मग समोर कुणीही असो. आमच्या आत्या आल्या होत्या. त्याने तळहात दाखवला तरी त्या लाडाने गाल ओढायला पुढे झाल्या. आई त्यांना म्हणाली, "वन्सं, थांबा. त्याने नको म्हटलंय." आईने आत्यांना असं काही सांगितल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. आत्यांना राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्या त्याला विचारून शेजारी बसल्या.

आता आंघोळ. हे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यांत जास्त वेळ याला लागला आणि सगळ्यांत जास्त शिकायलाही इथेच मिळालं.

सुरुवातीचे काही आठवडे आंघोळ हा शब्दच घरात काढायचा नाही असं ठरलं. ओट्यावर ऊन आलं की कोमट पाण्याची बादली आणि दोन पंचे ठेवायचे, एक निळा, एक पिवळा. त्याने एक निवडायचा आणि स्वतःच अंग पुसायचं; पाठ तेवढी विचारून आम्ही. आंघोळीच्या नावाखाली एवढंच. एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याने न्हाणीघराच्या दाराच्या दोन्ही कड्या काढल्या, आतली आणि बाहेरची. दादाला शेजारी बसवलं, एकेक स्क्रू निघाला की त्याच्या हातात दिला. त्याने ते सगळे मोजत पारले बिस्किटांच्या डब्यात टाकले. त्याला दहापर्यंत येतं, नंतर परत एकपासून. मग दारच काढून माळ्यावर टाकलं आणि पडदा लावला. आतला दिवा दिवसरात्र चालू. बिल थोडं वाढलं. मे महिन्यात तो पडद्याच्या बाहेरूनच हात आत घालून तांब्याने पाय धुवू लागला. मग एक पाय आत. आई बाहेर स्टुलावर बसून मोठ्याने शेंगा सोलायची, म्हणजे ती तिथेच आहे हे त्याला ऐकू येत राही. जूनच्या शेवटी एका सकाळी आतून पाण्याचा आवाज आला आणि नेहमीचं ते मोठ्याने "हर हर गंगे" आलं. आई शेंगा सोलत राहिली, तसंच ठरलं होतं.

मध्येच त्याची तब्येत बिघडली, किंवा पाहुणे आले, की सगळं दोन पायऱ्या मागे जायचं. मॅडम म्हणायच्या, मागच्या पायरीवर परत उभं राहायचं, जमतंय तिथून सुरू करायचं. अशा दिवसांत आईचाही धीर सुटायचा. घरच्यांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आई एका रात्री त्यांच्याशी बोलली आणि तिला बरं वाटलं.

मे महिन्यातच, मॅडमच्या खोलीत खेळण्यातलं प्लास्टिकचं घर होतं, त्याच्याशी दादा खेळत होता. त्याने एक बाहुला उचलून न्हाणीघरात ठेवला, छोटं दार लावलं, उठून खोलीतला टेबललॅम्प बंद केला आणि दबक्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात म्हणाला, "गप. गप बस. रातभर." मॅडमनी एकही प्रश्न विचारला नाही. तो दिवा परत लावेपर्यंत त्या थांबल्या. नंतर शब्दन् शब्द लिहून घेतला.

तक्रार करायची की नाही यावर घरात वाद झाला. २०११ मधलं कळंबोलीच्या बालगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवरच्या अत्याचारांचं प्रकरण आईला आठवत होतं. आपल्या मुलाचं नाव पेपरात येईल ही तिला भीती. पण 'बाकीच्यांचं कोण बघतं' हा प्रश्न तिचाच होता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. दिव्यांग व्यक्तीला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. हेल्पलाइन १५१००. मिळालेल्या वकीलबाईंनी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ७ दाखवलं. छळ झाला आहे किंवा होऊ शकतो असं ज्याला वाटतं तो कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवू शकतो, आणि त्यांनी तो थांबवण्यासाठी पावलं उचलायची असतात. तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारीही असतात, म्हणून संस्था ज्या तालुक्यात आहे तिथल्या तहसीलदारांकडे जूनमध्ये अर्ज दिला, प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका.

दोन महिने काहीच हललं नाही. स्मरणपत्रं दिली. ऑगस्टमध्ये तपासणी पथक संस्थेत गेलं तेव्हा न्हाणीघरांना बाहेरून कड्या होत्या. त्या काढायला लावल्या. आणखी दोन कुटुंबं पुढे आली. मग गुन्हा नोंदला गेला. जबाबासाठी दादाला पोलीस ठाण्यात बोलावलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लैंगिक गुन्ह्यांतल्या दिव्यांग पीडितांची माहिती त्यांच्या घरी, विशेष शिक्षकांच्या उपस्थितीत घेण्याची सोय आहे. आमचा गुन्हा तसा नव्हता. तरी वकीलबाईंनी त्याच पद्धतीने जबाब घ्यावा असा विनंती अर्ज केला आणि अधिकाऱ्यांनी तो मान्य केला. महिला पोलीस साध्या कपड्यात घरी आल्या. दादाने त्यांना पंचे दाखवले. डांबून ठेवल्याचं कलम लागलंय; दिव्यांग कायद्याचं, दिव्यांगांवरच्या अत्याचारांना शिक्षा सांगणारं कलम ९२ लावावं हा आमचा अर्ज अजून प्रलंबित आहे.

या सगळ्यात सगळ्यांत उपयोगी ठरला तो एक पानाचा कागद. मॅडमनी लेटरहेडवर लिहून दिला, आम्ही त्याच्या झेरॉक्स काढून ठेवल्या. त्यात निदानाचं लांबण नाही, एवढंच आहे: दार बंद करू नका, दिवा घालवू नका. हात लावण्याआधी सांगा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि दहापर्यंत मोजून मग उत्तराची अपेक्षा करा. तळहात दाखवला तर थांबा. बहीण किंवा आई नजरेसमोर हवी. दाताच्या डॉक्टरांपासून बँकेपर्यंत सगळीकडे तो आधी देतो. काही जण बघतही नाहीत, पण बरेच जण बघतात.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळी त्या कागदाची परीक्षा झाली. दादाकडे जुनं कागदी प्रमाणपत्र होतं. पालकत्वासाठी यूडीआयडी, म्हणजे स्वावलंबन कार्ड लागतं. ऑनलाइन अर्ज सप्टेंबरमध्ये केला, वैद्यकीय मंडळाची तारीख तीन आठवड्यांनी. आदल्या दिवशी आम्ही रुग्णालयात नुसती चक्कर मारून आलो: जिना, बाक, खोली, आणि मोबाइलवर प्रत्येकाचा फोटो. रात्री ते फोटो त्याने क्रमाने आईला दाखवले. त्या दिवशी गर्दी इतकी की शिपायाने खोलीचं दार लावलं. दादा जागच्या जागी थिजला. मी कागद पुढे केला, तपासणाऱ्या ताईंनी वाचला आणि स्वतः उठून दाराला खुर्ची लावली. व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता श्रेणीवर प्रश्न विचारले: स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, पैसे ओळखतो का. इथे लक्षात ठेवा, आघातामुळे सुटलेली कौशल्यं वेगळी सांगावी लागतात. 'आंघोळ आधी स्वतः करायचा, मध्ये बंद, आता पडदा असला तर करतो' असं मी वहीतून वाचून दाखवलं. ७५ टक्के, कायमस्वरूपी.

कायदेशीर पालकत्व घ्यायचं कारण पैशाचं होतं. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. आईनंतर त्यांचं कुटुंबनिवृत्तिवेतन दादाला मिळू शकतं, पण ते सांभाळायला अधिकृत पालक हवा. १८ वर्षांनंतर आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तरीय समिती करते, कोर्टात जावं लागत नाही आणि फी नाही. अर्ज ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला आणि लगेच विधानसभेची आचारसंहिता लागली. बैठक जानेवारीत झाली.

समितीने आधी हे पाहायचं असतं की या व्यक्तीला पालकाची गरज आहे का आणि नेमकी कशासाठी. बैठकीतल्या एका सदस्यांनी कागद वाचला आणि प्रश्न मला न विचारता दादाला विचारला, "पैसे कुणी ठेवायचे?" दादाने माझ्याकडे बोट केलं. "राहायचं कुठे?" "घर." मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि बाहेर, होस्टेलवर?" दादाने तळहात उभा केला. मी काही सांगायच्या आत जिल्हाधिकारी म्हणाले, "समजलं." ते इतिवृत्तात लिहिलं गेलं. आदेश फेब्रुवारीच्या शेवटी हातात आला, आई आणि मी संयुक्त पालक. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. त्याची फाइल पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. सोबत दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमाही काढला, वर्षाला एक लाखापर्यंतचा. त्यात थेरपीचाही काही खर्च बसतो, म्हणून मॅडमच्या पावत्या जपून ठेवतोय.

एप्रिलपासून दादा शहरातल्या एका कार्यशाळेत अर्धा दिवस जातो. पाकिटं चिकटवतो. सुरू करण्याआधी मॅडमनी तिथल्या सगळ्यांशी, अगदी मावशींशीसुद्धा, तासभर बोलून घेतलं, आणि तिथल्या एका न्हाणीघराला पडदा लागला. दुधाच्या पिशव्या परत आणायला लागलाय. अंथरूण अजून कधीकधी ओलं होतं. खटल्यात त्याला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. बौद्धिक दिव्यांग म्हणून साक्ष नाकारता येत नाही, प्रश्न समजून उत्तर देता येतं का एवढंच न्यायालय बघतं, असं वकीलबाईंनी सांगितलंय. पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे. त्याआधी दोन-तीनदा कोर्टाच्या आवारात नुसतं चहा प्यायला जाऊन यायचं आम्ही ठरवलंय, फोटो काढायला मोबाइल चार्ज करून.